मास्तर, तिसरं कडवं राहिलंच

मास्तर,

तुम्ही गेल्याचं मला कळलं तेव्हा मी सांगलीत एका शाळेच्या मैदानावर माईक तपासत होते. 'हॅलो, हॅलो' एवढंच म्हणून झालं होतं. सलीम कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून परत आला, ढोलकी उचलायच्या ऐवजी तिच्या शेजारी खाली बसला आणि म्हणाला, "वडूजचे मास्तर गेले. मशिनीवर बसल्या बसल्या." मी माईकच्या तोंडाशीच उभी होते. माझ्या तोंडून निघालेलं "काय?" सगळ्या मैदानात घुमलं आणि पलीकडच्या पत्र्यांवर आपटून परत आलं. तुम्ही तिथं असता तर म्हणाला असता, आवाज बरा लागलाय आज.

कार्यक्रम आम्ही केला. बंद ठेवला असता तर तुम्ही मला कधी माफ केलं नसतंत. सवयीनं माझी नजर तुमच्या जागेकडे जायची, डाव्या हाताला, खांबाच्या जवळ. तिथं कुणी एक गुरुजी बसले होते आणि त्यांच्या गळ्यात मफलर होता. लांबून तो तुमच्या मापाच्या टेपेसारखा दिसत होता. तेवढ्यावर मी भागवलं.

काल तुमच्या दुकानासमोर शोकसभा झाली. तिथं जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण आधी जरा भांडून घेऊ द्या. तुमच्याशी न भांडता मी कधी काही सांगितलंय का?

मास्तर म्हटलं की लोकांना शाळामास्तर वाटतो. तुम्ही वडूजच्या बाजारपेठेतले टेलरमास्तर. मशीन, कात्री, इस्त्री आणि मागच्या भिंतीवर लोकांचे न शिवलेले कपडे. न शिवलेले अशासाठी की मास्तर दुकानात नसायचेच. वाईच्या घाटावर कुणीतरी गाणार आहे, साताऱ्यात कॉलेजच्या पोरांनी काही बसवलंय, मिरजेत कुणाच्या तरी माडीवर सतार वाजणार आहे, एवढी कुणकुण लागली की शटर खाली. तुमच्या पायी वडूजच्या कितीतरी बायकांनी दिवाळी जुन्या ब्लाउजवर काढली. एकदा तर एका नवरदेवाची पॅन्ट तुमच्याकडे अडकली आणि तुम्ही तिकडे दुसऱ्याच लग्नात, बोलावणं नसताना, बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याच्या मागं मागं फिरत होतात. वरात पोचली, वाजप थांबलं, तसे तुम्ही न जेवता परत. जेवणासाठी थोडाच आलो होतो, म्हणालात. त्या नवरदेवाचं पुढे काय झालं ते तुम्ही कधी नीट सांगितलं नाहीत.

आपली पहिली भेट आठवते? सांगलीतली ती गल्ली, गणपतीचे दिवस. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं आणि गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा होते. लाल-निळे दिवे, चमकीचे कोट आणि सिनेमातली गाणी. आम्ही तिघं. मी गायला, प्रसाद गिटारवर, सलीम ढोलकीवर. तिघं म्हणून आमच्या ग्रुपचं नाव 'तीन दगड', चुलीचे असतात तसे. गाणी आमची आम्ही केलेली, माझ्या शब्दांतली, आमच्या बोलीतली. मंडळाच्या पोरांनी आम्हाला बोलावलं होतं ते केवळ त्यांचा ऑर्केस्ट्रा ऐनवेळी दुसरीकडे गेला म्हणून. दुसऱ्या गाण्याला मागच्या रांगा उठल्या. तिसऱ्याला मंडळवाल्यांनी खुर्च्या मिटायला सुरुवात केली. तुमच्याजवळ एक कार्यकर्ता आला. तुम्ही शांतपणे उठलात, खुर्ची त्याच्या हातात दिलीत आणि खाली सतरंजीवर मांडी घालून बसलात. गळ्यात टेप, मांडीवर अस्तराच्या कापडाचं गाठोडं. त्या कापडासाठी म्हणून सांगलीला आलेले तुम्ही आदल्या दिवशी एका नाटकात शिरला होतात आणि तिथं एक नवी गोष्ट शिकला होतात. ती तुम्ही आमच्यावर वापरलीत. आमचं 'टँकर' गाणं संपलं आणि रिकाम्या गल्लीत तुमचा खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

प्रसादनं मागे वळून पाहिलं. त्याला वाटलं, आमच्या पाठीमागे दुसरं कुणी गातंय.

मग तुम्ही स्टेजजवळ आलात. "पोरी, गानं तुझंच व्हय?"

"माझंच."

"मंजी तूच केलंयस?"

"हो."

"लय झ्याक हाय. पन त्ये तिसरं कडवं तेवढं काप."

एकुलता एक श्रोता, आणि तोसुद्धा कात्री घेऊन आलेला. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, का म्हणून कापू? तर तुम्ही मला गाणं समजावू लागलात. माझंच! म्हणे हे बायांचं गाणं आहे. हंडे घेऊन बाया टँकरची वाट बघतात, टँकर येतो, झुंबड उडते. तिथवर ठीक आहे. मग तिसऱ्या कडव्यात एकदम त्या टँकरच्या ड्रायव्हरची चौकशी कशाला?

"बायांच्या गान्यात त्यो बाबा कशाला घुसलाय? कापड उरलं म्हनून शर्टाला तिसरी बाही लावतीस काय?"

"ज्यानं पाणी आणलं त्याला कुणी पाणी विचारायचं की नाही?"

"इचार की. दुसऱ्या गान्यात इचार."

हे भांडण त्या दिवशी सुरू झालं ते तुम्ही जाईपर्यंत मिटलं नाही. प्रत्येक कार्यक्रमानंतर चहा पिताना तुम्ही दोन बोटांची कात्री करून दाखवायचात आणि मी मान फिरवायची.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला कधी सांगितली नाही, मास्तर. त्या दिवशी मी शेवटचं म्हणून गात होते. शहरातल्या एका मोठ्या ऑर्केस्ट्रानं मला बोलावलं होतं, सिनेमाची गाणी गायला. मी मनातून होकार दिला होता. स्वतःची गाणी स्वतःलाच किती वेळ ऐकवत बसायचं? घरी गेले आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना म्हटलं, "मी नाही जात ऑर्केस्ट्रात." अण्णा जयंतीच्या गाण्यांच्या पार्टीत आयुष्यभर गायलेले. त्यांनी विचारलं, "आज मानसं आलती वाटतं लय?" मी म्हटलं, "एक." ते हसले. "एका मानसावर गानं चालतंय व्हय गं?" चाललं, मास्तर. एवढी वर्षं चाललं. हे तुमच्या तोंडावर बोलायला हवं होतं, पण तुम्ही समोर आलात की तिसरं कडवंच निघायचं.

त्यानंतर आम्ही कुठंही गायलो की तुम्ही हजर. गाणं तुम्ही अंगात घालून बघायचात. "वरच्या सुराला मुंढ्यात आवळतंय." "घेर चांगला हाय, उंची कमी पडली." "ह्ये गानं धुतल्यावर आटनार." प्रसाद इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, त्याला आधी या बोलण्याचा राग यायचा. नंतर तोच नवी चाल बांधली की विचारायचा, मास्तरांच्या मापाला उतरेल का?

आणि फक्त आमच्याच मागं नव्हतात तुम्ही. वाईला घाटावरच्या उत्सवात एक म्हातारे गवई गात होते, समोर मोजकी माणसं, त्यातली निम्मी आरतीची वाट बघत बसलेली. तुम्ही तिथं पुढं बसून अशी दाद देत होतात की गवईबुवा शेवटी तुमच्याकडेच तोंड करून गायला लागले. मी विचारलं, तुम्हाला राग कळतात? तुम्ही म्हणालात, "न्हाई बा. पन त्यांना कळतंय की मला आवडतंय. तेवढं पुरं." मोठ्या गायकांच्या कार्यक्रमाला तुम्ही जायचा नाहीत. तिकीट फुकट मिळालं तरी नाही. "त्यांच्याकडं गर्दी हाय. माझं तिथं काय काम?"

शालनकाकी म्हणजे तुमची बायको. तिचा आमच्यावर राग होता, आणि तिचं काय चुकलं? दुकान बंद पडलं की गिऱ्हाईक तिच्या दारात. मी घरी आले की ती चहा द्यायची, पण कप जरा आपटून. "तुमी गाता, ह्ये ऐकत्यात, आनि ब्लाउज काय मी शिवू?" असं एकदा म्हणाली. आणि नंतर खरंच शिवायला लागली. काज-बटण, हातशिलाई, मग मशीनसुद्धा. पण कार्यक्रमाला ती एकदाही आली नाही. गाणं हा शब्द तिच्यासमोर काढायची सोय नव्हती.

म्हणूनच तुम्ही आम्हाला माण तालुक्यातल्या बिरोबाच्या यात्रेला न्यायचं ठरवलंत तेव्हा घरात केवढा भडका उडाला! कारण ते गाव म्हणजे काकीचं माहेर. तुमची सासुरवाडी. यात्रा कमिटीचे पुढारी आबा, तुमचे चुलत सासरे. काकीनं हात जोडले, "आवं, जगात कुटंबी गावा. माझ्या माहेरात माझी शोभा करू नका." ती आली नाही. तुम्ही मात्र जीपमध्ये पुढच्या सीटवर, नवी टोपी, गळ्यात टेप. आम्हाला वाटेत कळलं की आबांना तुम्ही काय थाप मारली होती. आबांची अट होती, सिनेमातलीच गाणी पाहिजेत. तुम्ही म्हणालात, सिनेमातलीच आहेत.

"मास्तर, कुठल्या सिनेमातली?" प्रसाद किंचाळला.

"अजून यायचाय त्यो. आबांनी नट कोन म्हनून इचारलं तर म्या म्हनलं, नवीनच हाय."

जीपमधून उतरलो. आबांनी तिघांकडे पाहिलं आणि माझ्यावर नजर ठेवून तुम्हाला विचारलं, "पोर कुनाची?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकलाय. तो आई-बापाच्या नावासाठी विचारत नाहीत, हे मला माहीत असतं. तुम्ही पानाची चंची काढलीत, आबांपुढे धरलीत आणि म्हणालात, "गाती, आबा. लय ग्वाड गाती. सुपारी घ्या." आबांनी सुपारी घेतली. पुढे त्यांनी तो प्रश्न कधीच विचारला नाही. तुम्हीही तो विषय काढला नाहीत आणि मीही नाही. आज लिहून टाकते, की ते मी पाहिलं होतं.

भर दुपार. स्टेज म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. नुकतंच ढोल-कैताळावरचं, म्हणजे ढोल-झांजांवरचं, धनगरांचं गजीनृत्य संपलेलं, अजून कुस्त्यांना अवकाश, मधल्या वेळात आम्ही. समोर घोंगडी टाकून बसलेले धनगर, पलीकडे डोक्यावर पदर घेतलेल्या बाया. दुष्काळाचं साल होतं. यात्रेला पाणी पुरावं म्हणून टँकर आणून कुस्तीच्या फडामागे उभा केला होता. पहिलं गाणं झालं. टाळी नाही. दुसरं झालं. टाळी नाही. एक चेहरा हलेल तर शपथ. आम्ही सांगलीची माणसं. नाटकांचं गाव. आवडलं तर टाळ्या, नाही आवडलं तर उठून जातील, खोकतील, काहीतरी करतील. हे लोक उठतही नव्हते आणि टाळ्याही वाजवत नव्हते. गप्प बसून बघत होते. प्रसाद गिटार लावायच्या निमित्तानं माझ्याजवळ आला आणि कुजबुजला, "सिनेमाचं एखादं घे. जीव वाचेल."

मी गर्दीपलीकडे पाहिलं. तुम्ही गर्दीच्या शेवटाला उभे होता, छाती पुढे काढून, जणू मुलीचं लग्न लावताय. मी 'टँकर' सुरू केलं. पहिलं कडवं संपलं, दुसरं आलं, आणि माझ्या छातीवर काहीतरी भस्सकन आपटलं. पिवळं. तोंडात गेलं, डोळ्यांत गेलं. पाठोपाठ दुसरी मूठ, तिसरी मूठ. मला वाटलं, माती मारतायत. नको ते सगळं एका क्षणात आठवलं, आबांचा प्रश्नही आठवला. मी गाणं तोडलं, ट्रॉलीवरून उडी मारली आणि जीपच्या दिशेनं चालायला लागले.

गर्दी चिरत तुम्ही पळत आलात. टोपी कुठं पडली होती, टेप मागं उडत होती. "आगं थांब! कुटं निगालीस?"

"माती मारतायत, मास्तर! मला नाही गायचं."

"माती न्हाई ती! भंडारा हाय! हळद हाय, चाटून बघ! देवाच्या गान्यावर उधळत्यात ह्ये. मानसाच्या गान्यावर उधळलेला म्या जलमात बगितला न्हाई. आगं, गानं लागलं त्यांना!"

आमच्या घरात आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून देव नाहीत, यात्रा नाहीत, भंडारा नाही. मला कुठून कळणार? मी तिथं उभीच राहिले. म्हटलं, "आमच्यात देव मानत नाहीत, मास्तर."

"तू नको मानू. त्यांनी मूठ भरून दिलंय, ते त्यांचं. तू तुझं गा." आणि मग, अगदी बारीक आवाजात, "माझी सासुरवाडी हाय गं, पोरी."

मी हसले. रडत होते आणि हसले. वळले, ट्रॉलीवर चढले आणि पहिल्यापासून धरलं. आता मला दिसायला लागलं. बाया उभ्या राहिल्या होत्या. म्हातारे घोंगडीवर बसूनच मान हलवत होते. आणि तिसरं कडवं आलं, ज्याला तुम्ही कात्री लावणार होता ते.

टँकरवाल्या भावा, तुझी वाट बघतंय कोन?
तुझ्या दारी रांजन भरून ठेवतंय रं कोन?
गावाला समद्या पाजलंस पानी, तुझा घसा कोरडा
टेक जरा सावलीला, घे रं तांब्या थोडा

सगळ्या बाया माना वळवून फडामागच्या टँकरकडे बघायला लागल्या. ड्रायव्हर बिचारा चाकाला टेकून बिडी ओढत होता, तो एकदम सावध झाला. एक आजी उठली, तांब्या भरला आणि त्याच्यापुढे धरला. सगळी यात्रा हसली. तो लाजत लाजत पाणी प्यायला. मग जो भंडारा उडाला त्यात मला सलीमही दिसेना. गर्दीच्या मागून तुमचा आवाज आला, "वन्स मोअर!" गावाला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. पण कुणीतरी मोठ्यानं आरोळी दिली की काय उत्तर द्यायचं ते ठाऊक होतं. हजारो गळ्यांनी उत्तर दिलं, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" तुम्ही पुन्हा "वन्स मोअर", त्यांनी पुन्हा "चांगभलं". आम्ही ते गाणं किती वेळा गायलो कोण जाणे, कुस्त्या उशिरा लागल्या एवढं खरं.

परतताना जीपमध्ये आम्ही सगळे पिवळेधमक. मी विजयी मुद्रेनं विचारलं, "काय मास्तर? तिसरं कडवं?"

तुम्ही डोळे मिटून बसला होता. "त्यो योगायोग," म्हणालात. "टँकर हितं हुता म्हनून जमलं. तरीबी कापच."

घरी माझी साडी बघून अण्णांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, लोकांनी उधळलं. ते म्हणाले, "गानं कुनाचं हुतं?" "माझंच." "मग ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि आईला साडी घासू नको म्हणून सांगितलं. प्रसादच्या गिटारच्या पोटात अजून ती हळद आहे. आता तो पुण्यात नोकरी करतो, पण काल आला होता, तीच गिटार घेऊन.

त्या यात्रेनंतर आम्हाला माणातून, खटावातून, पार कवठ्याकडून बोलावणी आली. आमच्या गाण्यांवर कुणी खुर्च्या मिटल्या नाहीत. फक्त प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारायचंच, "पिच्चर कवा येनार?" आणि तुम्ही गंभीर तोंड करून सांगायचात, "काम चालू हाय." प्रसादनं घरच्या टेपरेकॉर्डरवर आमची एक कॅसेट केली, तिच्यात मध्येच कुत्रं भुंकतं. ती तुम्ही दुकानात लावून ठेवायचात, हे मला ठाऊक होतं. किती लावायचात, ते काल कळलं.

तर काल. तुमच्या दुकानासमोर ताडपत्री बांधली होती. शटर उघडं, मशीन तिथंच, टेप मशिनीच्या चाकाला अडकवलेली. एवढी माणसं येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. शेजारचे दुकानदार, शिवायला टाकलेले कपडे परत न मिळालेले सगळे, बँडवाले, दोन गोंधळी, वाईहून त्या गवईबुवांचा शिष्य. माणातून आबा आले होते, काठी टेकत. शालनकाकी दुकानाच्या पायरीवर बसली होती. भाषणं झाली. तुम्ही सज्जन होता, मनमिळाऊ होता, वगैरे. तुम्ही ती ऐकली असतीत तर म्हणाला असता, घेर लय, कापड न्हाई.

मग आम्ही. मी मनात पक्कं केलं होतं की आज मास्तरांचं ऐकायचं. तिसरं कडवं कापायचं. इतकी वर्षं मागितलंत ते निदान आता तरी द्यावं. प्रसादला आणि सलीमला मी येताना गाडीत सांगून ठेवलं होतं.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. मी तिसरं सोडून शेवटाकडे वळले, आणि माझ्यापाठी कुणी आलंच नाही. म्हणजे लोक वळलेच नाहीत. समोरच्या ब्लाउजवाल्या बायका, पॅन्टवाले बापे, चहावाला, बँडवाले, सगळे सरळ तिसऱ्या कडव्यात शिरले. टँकरवाल्या भावा, तुझी वाट बघतंय कोन. सलीमची ढोलकी क्षणभर अडखळली आणि त्यांच्याबरोबर गेली. प्रसादही गेला. मी एकटी चुकीच्या ओळीवर उभी. एवढे लोक, मास्तर, आणि कुणालाही शब्द अडत नव्हता! सिनेमातलं नसलेलं, रेडिओवर न लागलेलं, एका सांगलीच्या पोरीनं रचलेलं गाणं सगळी वडूजची बाजारपेठ तोंडपाठ म्हणत होती. मापं देता देता, ब्लाउजची वाट बघता बघता त्यांनी ते ऐकलं होतं. कुत्रं भुंकतं त्या जागी दोन-तीन पोरं भुंकलीसुद्धा. आबा काठी आपटून ठेका धरत होते. 'गावाला समद्या पाजलंस पानी, तुझा घसा कोरडा' ही ओळ आली तेव्हा लोक कुणाकडे बघत होते ठाऊक आहे? तुमच्या मशिनीकडे.

मला पुढचं गाता आलं नाही. त्यांनीच गाणं संपवलं. मग ती माणातल्यासारखी शांतता. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत.

शालनकाकी पायरीवरून उठली. माझ्याजवळ आली आणि जरा रागानंच म्हणाली, "मधलं कडवं का खाल्लंस गं?"

मी म्हटलं, "काकी, मास्तरांना ते नको होतं. कापायचं म्हणून सारखं मागं लागले होते."

"त्यास्नी? नको हुतं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "आगं, मशिनीवर बसलं की त्येच म्हनायचे दिसभर. दुसरं कायबी येत न्हवतं त्यास्नी. त्या दिशीबी त्येच चाललं हुतं."

मास्तर! इतकी वर्षं मला कात्री दाखवत होता आणि दुकानात ते कडवं पांघरून बसला होता? मी तिथं, तुमच्या शोकसभेत, मोठ्यानं हसले. सलीम हसला, प्रसाद हसला. आबांना वाटलं, आम्हाला वेड लागलं. तुम्ही हरलात, मास्तर, तिसऱ्या कडव्यात साफ हरलात. आणि बाकी सगळं जिंकून गेलात.

काकी हसली नाही. तिनं चाकाला अडकवलेली टेप काढली, हातात गुंडाळली, पदर नीट केला. ज्या बाईनं आमचा एक कार्यक्रम कधी पाहिला नाही, ती ताडपत्रीखाली सगळ्यांच्या पुढे, खांबाजवळ, डाव्या हाताला मांडी घालून बसली. आणि मला विचारलं, "ह्ये काय म्हनायचे वरडून, पुन्यांदा गा म्हनून?"

मी सांगितलं.

तिनं तो शब्द एकदा ओठातल्या ओठात म्हणून बघितला. मग मान वर केली आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वन्स मोअर."

मी पहिल्यापासून गायले, मास्तर. सगळं गायले.